फिल्म उघडी आहे

माझ्या खोलीच्या दाराला कडी आहे, त्या कडीला दोन लाल काचेच्या बांगड्या अडकवलेल्या आहेत. सून झाडायला येते तेव्हा त्या काढून खिडकीत ठेवते. मी परत अडकवतो. तिचा जन्म इथलाच, लखनऊचा. मराठी समजते, पण बोलते हिंदीच. परवा म्हणाली, "बाबूजी, चूड़ी दरवाज़े पर कौन टाँगता है? किसी दिन टूट जाएगी."

मी म्हटलं, "मग तू हात लावू नको, नाही तुटणार."

ती झाडू उचलून निघून गेली. मला गोड बोलता येत नाही. आमच्या घरात गोड बोलायचं काम बायकोकडे होतं, अन् ती गेली त्याला फार वर्षं झाली.

बांगड्या बायकोच्या नव्हेत. मरताना तिच्या हातात होत्या, तरी तिच्या नव्हेत. हे सुनेला सांगायचं तर पार सुरुवातीपासून सांगावं लागेल, अन् तोंडानं मला एवढं जमत नाही. म्हणून लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंत झाली.

आम्ही भंडारा जिल्ह्यातले. माझा मोठा भाऊ रेल्वेच्या दफ्तरात शिपाई होता, इथं लखनऊत मानक नगरला त्याला क्वार्टर होतं. गावात काम नव्हतं म्हणून त्यानं मला बोलावून घेतलं. सत्तरच्या पुढची वर्षं असतील. खटपट करून त्यानं मला एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात चिकटवलं, एक्सरे खात्यात, डार्क रूममध्ये.

डार्क रूम आता कुठं राहिली नाही. आता म्हणे सगळं टीव्हीसारखं पडद्यावर दिसतं. तेव्हा फोटो काढला की फिल्मचा डबा माझ्याकडे यायचा. मी दार आतून लावायचो, लाल दिवा लावायचो, डबा उघडून फिल्म तारेच्या चौकटीत अडकवायचो अन् औषधाच्या टाकीत बुडवायचो. हळूहळू हाड वर यायचं. मग पाण्यातून काढून दुसऱ्या टाकीत, हायपोत, म्हणजे फिल्म पक्की करायच्या औषधात. हायपोत बसली की दार उघडलं तरी चालतं. त्याच्या आधी कुणी दार उघडलं अन् बोटभर उजेड आला, तर फिल्म काळी, मेहनत वाया, अन् मोडका माणूस परत टेबलावर. म्हणून दारावर थाप पडली की मी आतून ओरडायचो, "रुको, फिल्म खुली है!" दिवसभर हेच.

फोटो काढणारे टेक्निशियन साहेब म्हातारे होते, जुन्या लखनऊचे. त्यांना दमा. पेशंटला 'साँस रोकिए' म्हणता म्हणता त्यांचाच दम लागायचा. मग आवाज द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठी माणूस, नाकातून बोलायची सवय नाही. मी ओरडायचो, "सास रोको!" एकदा एका पोरीचा छातीचा फोटो चालला होता अन् बाहेर तिची सासू बसलेली. तिनं ऐकलं अन् आत येऊन माझ्यापुढं उभी राहिली, "हमका काहे रोकत हौ? हम का चोर हैं?"

साहेब हसता हसता स्टुलावर बसले. त्यांना पंप द्यावा लागला. तेव्हापासून ते मला रोज विचारायचे, "क्यों मियाँ, आज कितनी सास रोकीं?"

पण एका गोष्टीत कुणाला हसू येत नव्हतं. मनगट मोडलेली बाई आली की हातातल्या बांगड्या काढाव्या लागतात, नाही तर त्यांची सावली बरोबर हाडावर पडते. मी म्हणायचो, "चूड़ी निकालो." बाई ऐकायची नाही. नवरा जिवंत असताना हात नागवा कसा करायचा? ताप असो, सूज असो, ती हात पदराखाली घ्यायची. एकीला मी म्हटलं, "निकलती नहीं तो फोड़नी पड़ेगी." ती टेबलावरून उतरली अन् मोडका हात घेऊन सरळ निघून गेली. तिच्यामागं तिचा नवरा पळत गेला. साहेब मला म्हणाले, "मियाँ, तुमने तो बेचारे को खड़े-खड़े मार डाला."

मग वरून मंजुरी आली की या खोलीत एक आया पाहिजे. साहेबांनी विचारलं, "घर में कोई है?" मी बायकोला घेऊन गेलो.

नवीनच लग्न झालेलं. तिला हिंदी धड येत नव्हती. भाजीवाल्याला ती 'भैया' म्हणायची अन् पुढचं सगळं मराठीत सांगायची, अन् तो द्यायचा बरोबर. पहिल्याच दिवशी एक मनगटवाली आली. हात सुजून फुगलेला, बांगड्या मांसात रुतलेल्या. मी बोलायला तोंड उघडलं तशी बायकोनं मला हातानंच मागं सारलं. साबणाचं पाणी आणलं. बाईच्या समोर बसली. आता हिला हिंदी शब्द कुठून सुचावा? आपल्याकडं बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. अशुभ बोलायचं नाही म्हणून. हिनं तोच शब्द उचलला अन् हिंदीत टाकला. "बहन, चूड़ी ज़रा बढ़ाओ."

मला वाटलं, झालं, आता ही बाई हसते. पण तिनं मुकाट्यानं हात पुढं केला.

साहेब चकित. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हमारे घरों में बड़ी-बूढ़ियाँ यही कहती हैं. चूड़ी उतारते नहीं, बढ़ाते हैं. भाभी ने उर्दू कहाँ पढ़ी?"

मी म्हटलं, "साकोली में. दूसरी तक."

तिला मी मागाहून सांगितलं की तू चुकून बरोबर बोललीस. ती म्हणाली, "चुकून काहून? बाईच्या जिवाचं बोलणं सगळीकडं एकच असते. तुमाले नाही कळत, तुमी फोडाफोडी करा."

बांगड्या निघाल्या, पण त्या ठेवायच्या कुठं? त्या बाईची नजर हलेना. हिनं त्या उचलल्या अन् आपल्याच हातात चढवल्या. हात उंच करून तिला दाखवला. "देख. हाथ बदला, बस. मेरा भी आदमी ज़िंदा है, वो देख, भूत जैसा खड़ा है."

ती बाई मोडका हात धरून हसली.

तेव्हापासून आमच्या खोलीत तीच रीत पडली. बायका यायच्या, त्यांच्या बांगड्या हिच्या हातात जायच्या, गळ्यातलं हिच्या गळ्यात, फोटो निघाला की परत. गर्दीच्या दिवशी हिचे हात कोपरापर्यंत भरलेले असायचे. साहेब म्हणायचे, "भाभी, आज तो आधे शहर का सुहाग आपके पास है. थोड़ा हमारी बेगम को भी दीजिए, हमसे खफ़ा रहती हैं." ही म्हणायची, "पंप कम मारो, बीड़ी छोड़ो, खुश हो जाएँगी."

आमच्या समाजातल्या एका माणसानं तिला एकदा सुनावलं. आम्ही बौद्ध, बुद्धवंदनेला सगळे जमलो होतो. तो म्हणाला, "वहिनी, बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढलं अन् तुम्ही सवाशीण-सवाशीण करत बसता?"

ती म्हणाली, "मी नाही मानत, भाऊ. ते बाई मानते ना. अन् हाड तिचं मोडलं आहे, माझं नाही."



माझ्या डार्क रूमच्या दारावर ती कधी थाप मारत नसे. मनगट दाराला लावून बांगड्या वाजवायची. आतून मला कळायचं की हीच आहे. मग मी हिंदीत ओरडत नसे. मी मराठीत म्हणायचो, "थांब, फिल्म उघडी आहे." ती बाहेर थांबायची. दाराच्या त्या बाजूला तिच्या बांगड्या अन् या बाजूला मी, हात औषधात. कधी नुसतीच वाजवायची, काम काही नसताना. मी विचारायचो, "काय आहे?" ती म्हणायची, "काही नाही. आहे का पाह्यलं."

आता त्या बाईचं सांगतो जिच्या बांगड्या कडीला आहेत.

अमौसीच्या पुढच्या एका खेड्यातून नवराबायको आले होते. बैलगाडीतून पडून तिचं डावं मनगट मोडलं होतं. नवरा हसरा, गळ्यात लाल रुमाल. त्या हातात दोनच बांगड्या होत्या, लाल, त्यावर सोनेरी टिकल्या. नवऱ्यानं जत्रेतून आणलेल्या. हिनं त्या बढ़वल्या अन् घातल्या. फोटो झाला, प्लास्टर झालं. आता प्लास्टरवर बांगडी चढत नाही, अन् उजवा हात तिचा आधीच भरलेला. बाई रडकुंडीला आली. "घर ले जाऊँ तो सास कहेगी, उतार के हाथ में लिए आई है."

ही म्हणाली, "तो मेरे पास रहने दे. प्लास्टर कटेगा तब ले जाना."

"पहने रहोगी, बहनजी?"

"पहने रहूँगी. नहाते-धोते भी."

नवरा मला म्हणाला, "भैया, चूड़ी तुम्हारी दुलहिन पहने, तो अब हम किसके आदमी हुए?"

मी म्हटलं, "मेरे को नहीं चाहिए, तुम अपने को ले जाओ."

सगळी खोली हसली. ती बाईसुद्धा. जाताना दारातून वळून तिनं हिचा हात पाहून घेतला.

प्लास्टर कापायची वेळ आली अन् गेली. ती आली नाही. मी म्हटलं, विसरली असेल. ही म्हणाली, "बांगडी नाही विसरत बाई." अमौसीकडून कुणी पेशंट आलं की ही विचारायची. कुणाला काही माहीत नाही. गावाचं नाव आम्हाला नीट कळलंच नव्हतं.

महिने गेले, मग वर्षं गेली. आमची पोरं झाली. स्वतःच्या बांगड्या हिनं कितीदा बदलल्या असतील, पण त्या दोन तिथंच. भांडी घासताना डावा हात वर धरायची, कपडे आपटताना पदरात गुंडाळायची. माझी वहिनी टोमणा मारायची, "आपल्या जिवाची नाही अन् लोकाच्या काचेची केवढी काळजी." ही म्हणायची, "सांगितलं ना पहने रहूँगी म्हणून. मग?"

सकाळी मानक नगरहून आम्ही सायकलवर निघायचो, ती मागं कॅरियरवर. रस्ता खराब. खड्डा आला की मागून आधी त्या दोन वाजायच्या, जाड काचेचा आवाज, अन् मग तिची शिवी. लोकांना आपली बायको तोंडानं आठवते. मला तोंड आठवतं, नाही असं नाही, पण अर्धवट. आवाज पुरा आठवतो.

मग ती खोकायला लागली. मी म्हटलं, औषधाच्या वासानं असेल. कमी होईना. साहेब एक दिवस म्हणाले, "भाभी, आज आप खड़ी होइए." ती मशीनसमोर उभी राहिली. छातीच्या फोटोला हात कमरेवर असतात, बांगड्या काढाव्या लागत नाहीत. ती मला म्हणाली, "बरं झालं, मी कोणाच्या हातात देणार होती?" गळ्यातली काळी पोत तेवढी काढली अन् माझ्यापुढं धरली. मी ती गळ्यात घातली. साहेबांनी पाहिलं, पण त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही.

मीच आवाज दिला. "सास रोको." तिथं उभ्या उभ्या तिला हसू आलं. साहेब म्हणाले, "भाभी, हिलिए मत."

डबा घेऊन मी आत गेलो. दार लावलं. फिल्म बुडवली. मी डॉक्टर नव्हतो अन् हुशारी सांगत नाही. पण ज्यानं सगळं आयुष्य फासळ्याच पाहिल्या त्याला काळं कुठं असायला पाहिजे अन् पांढरं कुठं, एवढं कळतं. वर येत होतं ते बरोबर नव्हतं. मी फिल्म हायपोत टाकली अन् उभा राहिलो.

बाहेरून बांगड्या वाजल्या.

"झालं का जी?"

मी म्हटलं, "थांब, फिल्म उघडी आहे."

ती थांबली. फिल्म कधीचीच बसली होती. दार उघडायला काही हरकत नव्हती. मला माझं तोंड नीट करायचं होतं अन् ते होत नव्हतं. ती बाहेर उभी होती, मी ऐकत होतो. थोड्या वेळानं परत वाजलं. मी परत तेच म्हणालो. मग ती म्हणाली, "बरं. घ्या तुमचा वेळ. मी इथंच आहे."

मला वाटतं तिला तेव्हाच कळलं.

ती पुढं वर्षभर होती, मोठ्या गर्मीपर्यंत. शेवटी शेवटी हात इतका बारीक झाला की त्या दोन बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. तिनं मनगटावर धागा बांधला, निसटू नयेत म्हणून. मी एकदा रागावलो, "फेक त्या. ती बाई येत नाही आता." ती म्हणाली, "तुमाले काय माहीत? आली अन् माझा हात रिकामा दिसला तर काय समजेल ते?"

गेली त्या दिवशी घरातल्या बायका तिच्या हातात हिरवा चुडा भरत होत्या. मी आत गेलो अन् म्हटलं, लाल दोन काढा, त्या तिच्या नाहीत, त्या परत द्यायच्या आहेत. वहिनी माझ्याकडं पाहतच राहिली. कुणी पुढं येईना. शेवटी मीच काढल्या. साबण लागला नाही.

बाईचा नवरा गेला की तिच्या बांगड्या वाढवतात. बायको गेली तर पुरुषाचं काय वाढवतात? काहीच नाही. त्याच्या अंगावर काही असतच नाही. चौथ्या दिवशी मी कामावर गेलो, तोच शर्ट, तीच सायकल.

त्या बांगड्या मी डार्क रूममध्ये खिळ्याला अडकवल्या. माझ्या पंजात त्या बोटांच्या मुळाशीच अडकायच्या. दुसरी आया आली, पोरगी चांगली होती, पण ती बायकांच्या बांगड्या कागदाच्या पुडीत बांधून ठेवायची.

साल दीड साल झालं असेल. दुपारी एक बाई बाकावर येऊन बसली, सोबत गावातली कुणी म्हातारी. फिकट लुगडं, दोन्ही हात मोकळे. खोकल्याचा फोटो काढायचा होता. तोंडावरून मी काही तिला ओळखलं नाही. मनगटावरून ओळखलं. डावं मनगट वाकडं जुळलं होतं, हाड बाहेरच्या अंगाला बसलेलं.

ती इकडंतिकडं बघत होती. मला म्हणाली, "भैया, वो बहनजी कहाँ हैं? जो अपनी बोली में डाँटती थीं."

मी म्हटलं, "नहीं रही."

 तिनं बाकावरच सरकून मला जागा केली. मी बसलो. तिनं सांगितलं ते असं. प्लास्टर हातात असतानाच नवरा गेला. दोन दिवसांचा ताप. प्लास्टर मग घरीच कुणीतरी विळ्यानं कापलं. लखनऊला आणणारा होताच कोण?

"दाएँ हाथ की औरतों ने फोड़ दीं," ती म्हणाली. "फिर बोलीं, बाएँ की कहाँ हैं? हमने कहा, वो लखनऊ में हैं. पहनी हुई हैं."

मी उठलो अन् आतून बांगड्या आणल्या. तिच्या हातात दिल्या. तिनं त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. टिकल्या थोड्या गेल्या होत्या, काच तशीच.

"मरते दम तक पहनी?"

"हाँ. धागा बाँध के."

तिनं पदर तोंडाला लावला. मला कुणाचं रडणं थांबवता येत नाही. तेवढ्यात साहेबांनी डबा दिला, इमर्जन्सीचा. मी म्हटलं, "आपकी चीज़ है, ले जाओ. मेरा काम खतम." अन् आत जाऊन दार लावलं.

फिल्म चौकटीत अडकवली, बुडवली. कुण्या पोराचा पाय होता. हाड वर यायला लागलं होतं.

बाहेरून बांगड्या वाजल्या. दाराला लागून. तोच जाड काचेचा आवाज.

माझ्या तोंडून निघालं, "थांब, फिल्म उघडी आहे."

बाहेर शांत झालं. कुणीतरी थांबलं होतं. मी तो पाय औषधातून काढला, पाण्यातून काढला, हायपोत टाकला, अन् तेवढा वेळ, लिहायला लाज वाटते पण लिहितो, तेवढा वेळ मी घाई केली नाही. मला माहीत होतं बाहेर कोण आहे. तरी मी घाई केली नाही. म्हटलं, आहे तोवर असू दे.

मग दार उघडलं. बाकावर कुणी नव्हतं. फोटो न काढताच गेल्या होत्या, कधी गेल्या ते साहेबांनाही सांगता आलं नाही. दोन्ही बांगड्या दाराच्या कडीला अडकवलेल्या होत्या. अजून हलत होत्या.